शिक्का आणि महजर : संकेतस्थळाच्या कुलपामागे साक्ष कोणाची?

१.
तासगावचा एखादा द्राक्षबागायतदार रात्री मोबाइलवर बँकेचे संकेतस्थळ उघडतो, परवलीचा शब्द लिहितो आणि पीककर्जाचा हप्ता भरून मोकळा होतो. समोर बँकच आहे, बँकेचे सोंग घेतलेला भामटा नाही, हे त्याला कोणी सांगितले? त्याने कोणाला विचारलेले नसते. त्याच्या वतीने ब्राउझरने विचारलेले असते आणि कोणा तिसऱ्याने साक्ष दिलेली असते. या तिसऱ्याच्या शब्दावर आंतरजालावरचा सारा व्यवहार चालतो. मग त्या साक्षीदाराला कोणी पारखले? प्रश्न आजचा वाटतो. परंतु शिक्क्यांवर चालणाऱ्या सातारा-सांगलीच्या मुलखाने तो अडीचशे वर्षांपूर्वी अनुभवला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. त्या अनुभवाचा हा धागा.

२.
आधी यंत्रणा समजून घ्यावी. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त, एक जाहीर. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते. मात्र जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे व्यवहारात अशक्य. परंतु ही जाहीर किल्ली बँकेचीच, हे कशावरून? त्यासाठी प्रमाणपत्र असते. ‘हे नाव आणि ही किल्ली एकाच धन्याची’ असा दाखला प्रमाणन संस्था स्वतःच्या सहीनिशी देते. दाखल्याला मुदत असते, आणि चूक आढळल्यास मुदतीपूर्वीही तो रद्द करता येतो.

३.
दाखला देण्यापूर्वी ही संस्था काय तपासते? साध्या प्रमाणपत्रासाठी ती अर्जदाराला एक यादृच्छिक अक्षरमाला देते आणि ती संकेतस्थळावर किंवा त्या नावाच्या नोंदीत ठेवून दाखवण्यास सांगते. ठेवता आली, तर ते नाव अर्जदाराच्या ताब्यात आहे असे मानले जाते. बस, एवढेच. आता या संस्थेची सही खरी कशावरून? ब्राउझरच्या किंवा संगणकप्रणालीच्या पोटात मूळ प्रमाणपत्रांची एक यादी भरलेली असते. त्या यादीतल्या संस्थेपर्यंत सह्यांची साखळी पोचली, तर दार उघडते. ही यादी गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ठरवतात. वापरणाऱ्याने तिच्यावर कधी नजरही टाकलेली नसते.

४.
मूळ संस्था आपल्या मुख्य किल्लीने रोजच्या सह्या करीत नाही. ती किल्ली जाळ्यापासून तोडून, कडेकोट बंदोबस्तात ठेवलेली असते. तिने एखाद्या मधल्या किल्लीला अधिकार द्यायचा आणि पुढची सारी प्रमाणपत्रे त्या मधल्या किल्लीने द्यायची, अशी रीत आहे. मूळ बंदिस्त, कारभार मधल्याकडे. अठराव्या शतकातील मराठी राज्याचा अभ्यास करणाऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. सातारा, पुणे आणि मिरज यांना जोडणारी साखळी नेमकी अशीच होती.

५.
छत्रपती साताऱ्यास, सत्ता पुण्यास. परंतु पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग प्रधानाचे. नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच मिळावी लागत. त्या पेशव्याच्या सनदेने सरदाराला सरंजाम मिळे. थोरल्या माधवरावांच्या काळात मिरज गोविंद हरी पटवर्धनांकडे आली. पुढे घरातल्या तंट्यातून चिंतामणराव पटवर्धन वेगळे झाले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी सांगलीत बस्तान बसवले. कृष्णाकाठच्या रयतेने पटवर्धनांच्या कारकुनाला सारा का द्यावा? सरदारामागे पेशव्याची सनद होती म्हणून. ती सनद का मानावी? तिच्या शिक्क्यात साताऱ्याच्या छत्रपतींचे नाव होते म्हणून.

६.
या साखळीतले कागद मोठ्या काळजीने केले जात. आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब. मोर्तबाचा हेतू व्यावहारिक होता : मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडली तर ती अग्राह्य. शिवकालापासून सुरनिसाचे कामच मुळी पत्रे तपासून, दुरुस्त करून त्यांवर खूण करण्याचे होते. कागद दफ्तरात नोंदला गेल्याचे शेरेही त्यावर पडत. म्हणजे कोणी लिहिले, मजकुरात फेरफार झाला का आणि नोंद कुठे आहे, या तिन्ही प्रश्नांची सोय त्या एका कागदात होती. आजचे प्रमाणपत्रही याच तीन प्रश्नांची उत्तरे देते.

७.
आता या व्यवस्थेची कसोटी. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू छत्रपती निपुत्रिक वारले. गादीवर कोण? महाराणी ताराबाईंनी सांगितले होते की आपला नातू रामराजा जिवंत आहे आणि त्याला गुप्तपणे वाढवले आहे. जानेवारी १७५० मध्ये रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. त्यांच्या ओळखीचा मुख्य आधार कोणता? ताराबाईंचा शब्द. ग्रँट डफने नोंदविले आहे की नागपूरकर रघूजी भोसल्यांचे एवढ्यावर समाधान झाले नाही. ताराबाईंनी जातीच्या लोकांसमक्ष रामराजांबरोबर जेवावे आणि त्या अन्नावर शपथ घेऊन हा आपला नातू असल्याचे सांगावे, अशी त्यांनी अट घातली. ताराबाईंनी ती पुरी केली.

८.
रघूजींनी इथे पडताळणीचा एक विधी मागितला, आणि त्या काळाच्या मानाने तो कठोर होता. परंतु त्यातली त्रुटी पाहावी. जिच्या साक्षीबद्दल शंका, तिच्याकडूनच पुन्हा साक्ष घेतली गेली. शपथ दुसरी, साक्षीदार तोच. प्रमाणन संस्थेने स्वतःच्याच सहीने स्वतःची ग्वाही द्यावी, तसे हे झाले. मूळ प्रमाणपत्राचे तांत्रिक स्वरूपही असेच असते. ते स्वतःच स्वतःला सही करते. त्याच्या वर कोणी नसतो. म्हणूनच त्याची परीक्षा सहीने होत नाही, ती बाहेरून व्हावी लागते.

९.
वर्ष संपण्यापूर्वी चित्र पालटले. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीस खंडोबासमोर ताराबाई आणि नानासाहेब पेशवे यांच्यात शपथक्रिया झाली, तेव्हा रामराजे आपले नातू नव्हेत, गोंधळ्याच्या घरचे आहेत, असे ताराबाईंनी सांगितले. ज्या मुखाने अन्नावर शपथ घेतली होती, त्याच मुखाने देवासमोर ती मागे घेतली. दोहोंतली खरी कोणती, हा वाद इतिहासकारांसाठी सोडून द्यावा. इथे महत्त्वाचे हे की साक्षीदाराने साक्ष मागे घेतली होती. आजच्या भाषेत, प्रमाणपत्र रद्द झाले होते.

१०.
मग काय घडले? काहीच नाही. रामराजे १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत छत्रपती राहिले. पेशव्यांच्या शिक्क्यात त्यांचे नाव झळकत राहिले. १७६१ मध्ये थोरल्या माधवरावांना याच गादीवरून वस्त्रे मिळाली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना इथूनच वस्त्रे गेली, आणि पुढल्याच वर्षी चाळीसेक दिवसांच्या सवाई माधवरावांच्या नावेही इथूनच आली. पुण्यात ज्याचे पारडे जड, त्याच्या नावाचा दाखला साताऱ्याहून निघे. मूळ साक्ष रद्द होऊनही साखळी चालू राहिली. कारण उघड होते. साताऱ्याचा शिक्का खोटा ठरवला, तर पेशव्याचा शिक्का खोटा, पटवर्धनांची सनद खोटी आणि खालच्या पाटलाचा कौलनामाही खोटा. एवढी पडझड कोणालाच परवडणारी नव्हती.

११.
हाच पेच २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये उभा राहिला. डिजिनोटार नावाच्या डच प्रमाणन संस्थेत त्या उन्हाळ्यात घुसखोरी झाली आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली. त्यांत गूगलच्या नावाचेही एक होते. त्याच्या आधारे इराणमधील जीमेल वापरणाऱ्यांची पत्रे मधल्यामध्ये वाचली गेल्याचे आढळले. संस्थेला घुसखोरी आधीच कळली होती, परंतु तिने ती जाहीर केली नाही. ऑगस्टच्या अखेरीस एका इराणी वापरकर्त्याच्या तक्रारीमुळे बोभाटा झाला. मात्र डच सरकारची स्वतःची संकेतस्थळे याच संस्थेवर अवलंबून होती. त्यामुळे सरकारी प्रमाणपत्रांना आरंभी सवलत मिळाली. काही दिवसांनी तीही गेली, आणि सप्टेंबरमध्ये संस्थेचे दिवाळे निघाले.

१२.
डिजिनोटार लहान होती. सिमँटेक मोठी होती. तिच्या कारभारातल्या चुका २०१५ पासून उघड होऊ लागल्या. जगातील असंख्य संकेतस्थळे तिच्या प्रमाणपत्रांवर चालत असल्याने तिला एका रात्रीत वगळणे शक्य नव्हते. अखेर गूगलने २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने विश्वास काढून घेण्याचे वेळापत्रक जाहीर केले. सिमँटेकने हा व्यवसाय डिजिसर्टला विकला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रोमने जुनी साखळी पूर्णपणे नाकारली. १७५२ मध्ये जे साधले नाही, ते इथे साधले. मूळ साक्षीदाराला बाजूला करता आले आणि घरही पडले नाही. फरक कशाने पडला? सोय आधी करून ठेवली होती, वेळ दिला होता आणि कारणे सर्वांसमोर मांडली होती.

१३.
इथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. शिक्क्याचा घात दोन प्रकारे होतो. एक, शिक्काच बनावट असतो. दोन, शिक्का खरा असतो, साक्ष खोटी असते. पितळी शिक्क्याची नक्कल कुशल कारागीर करू शकत असे. आजच्या किल्लीने केलेल्या सहीची नक्कल गणिताने जवळपास अशक्य करून ठेवली आहे. पहिला घात अशा रीतीने टळला. दुसऱ्याला मात्र गणिताजवळ औषध नाही. डिजिनोटारची खोटी प्रमाणपत्रे गणिताच्या दृष्टीने निर्दोष होती. शिक्का अस्सल, कागद खोटा. रामराजांच्या प्रकरणाचे स्वरूपही हेच होते.

१४.
पहिल्या प्रकारच्या घाताची कथाही साताऱ्याचीच, आणि ती अधिक दुःखद आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात एक कलम होते : कंपनीला वगळून बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहार करायचा नाही. १८३६ नंतर महाराजांवर आरोप येऊ लागले. कंपनीच्या देशी पलटणीतील सुभेदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधणे. गोव्याच्या आरोपात पुरावा म्हणून पुढे आली ती शिक्क्यांची पत्रे. महाराजांच्या पक्षाचे म्हणणे होते की ही पत्रे आणि त्यांवरचे शिक्के बनावट आहेत.

१५.
असा वाद पडल्यावर न्याय्य मार्ग एकच : कागद उघड करावेत, मूळ शिक्क्याशी ठसे ताडून पाहावेत, आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ द्यावी. हे झाले नाही, हीच महाराजांच्या बाजूने लढणाऱ्यांची मुख्य तक्रार होती. चौकशी बंद दाराआड झाली. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कार्नाक साताऱ्यास आले. दोष कबूल करून अटी मान्य केल्यास गादी राहील, असे त्यांनी सुचवले. न केलेला अपराध मान्य करण्यास महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरमध्ये ते पदच्युत झाले, काशीस पाठवले गेले आणि १८४७ मध्ये तिथेच वारले. दोनच वर्षांत सातारचे राज्यही खालसा झाले.

१६.
महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये झगडले. त्यांची मागणी राज्य परत द्या एवढीच नव्हती. पुरावा उघड करा आणि निष्पक्ष चौकशी करा, ही त्या मागणीची मूळ धार होती. जोसेफ ह्यूम यांनी पार्लमेंटमध्ये, जॉर्ज थॉम्प्सन यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत हा प्रश्न लावून धरला. निर्णय बदलला नाही. कारण शिक्का खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार आणि ते ठरवण्यातला स्वार्थ, दोन्ही एकाच हाती होते. बनावट शिक्का एका दिवसात उघडा पाडता येतो. परंतु कागदच दाखवायचा नाही असे ठरल्यावर चौदा वर्षेही अपुरी पडतात.

१७.
मूळ सत्ता बदलली की खालच्या साऱ्या दाखल्यांचे काय होते, हेही या मुलखाने पाहिले. पेशवाई बुडाल्यावर जुन्या सनदा आपोआप ग्राह्य राहिल्या नाहीत. इनाम कमिशनने दक्षिण महाराष्ट्रात घरोघरच्या इनामांचे पुरावे मागितले आणि १८५२ च्या कायद्याने त्याचे हात बळकट झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचा उपभोग होता, परंतु कागद हरवला होता किंवा शिक्का पुसट झाला होता, अशांची इनामे गेली. संगणकावर मूळ यादी बदलली की दाखवण्याजोगे दुसरे प्रमाणपत्र नसलेले संकेतस्थळ एका क्षणात ‘असुरक्षित’ ठरते, त्याची ही कृष्णाकाठची आवृत्ती होय.

१८.
आता भारताचे ताजे उदाहरण. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये देशात प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक नेमले गेले. भारतातील डिजिटल सह्यांची मूळ किल्ली त्यांच्याजवळ असते. त्यांच्या अधिकाराखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे मधल्या किल्ल्या होत्या. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की त्याच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे या केंद्राच्या किल्लीने निघाली आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी केंद्राच्या मधल्या किल्ल्या रद्द केल्या. प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती आणि चारच प्रमाणपत्रे चुकीची निघाली, असे नियंत्रकांनी कळवले : तीन गूगलच्या नावाची, एक याहूच्या.

१९.
गूगलने त्यावर सांगितले की या चारांत नसलेलीही चुकीची प्रमाणपत्रे आपल्यास ठाऊक आहेत, तेव्हा घुसखोरीची व्याप्ती अज्ञात मानावी लागेल. परिणामी क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राला बांध घातला. सरकारी, शैक्षणिक आणि मोजक्या अन्य भारतीय नावांपुरतीच त्याची साक्ष ग्राह्य, बाहेर नाही. फायरफॉक्सने ते आपल्या यादीत घेतलेलेच नव्हते. इथे दोष घुसखोरीपेक्षा हिशेबात अधिक होता. घुसखोरी कोणाच्याही घरी होऊ शकते. परंतु किती कागद बाहेर गेले याची यादी शिक्का धरणाऱ्याच्या हिशेबाशी जुळत नसेल, तर त्या शिक्क्यावर कोणी विसंबावे कसे?

२०.
जुन्या मराठी व्यवहारात या दुखण्यावर एक उपाय होता. त्याचे नाव महजर. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते अशा सर्वांसमक्ष साक्षी होत आणि निवाड्याचा कागद लिहिला जाई. उपस्थितांची नावे त्यावर पडत आणि जो तो आपापली निशाणी करी : पाटलाचा नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारे. पुढे कोणी कागद बदलला, तर ‘आम्ही तिथे होतो’ असे सांगणारी दहा घरे असत. शिक्का वरून खाली येतो, महजर चारही बाजूंनी उभा राहतो. गोतसभेत जातीची उतरंड होती, दुर्बलांना तिथे नेहमी न्याय मिळे असे नाही, हे विसरता कामा नये. तरीही उघड्यावरची, अनेकांची साक्ष हे तिचे तत्त्व खरे होते.

२१.
आंतरजालाने डिजिनोटारच्या धक्क्यानंतर स्वतःचा महजर उभारला. २०१३ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. कोणत्याही संस्थेने दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर नोंदवह्यांत चढवायचे. या वह्यांत भर घालता येते, परंतु जुनी नोंद गुपचूप खोडता किंवा बदलता येत नाही. तशी केल्यास ती गणिताने उघडी पडते. वह्या अनेकांच्या हाती असतात आणि कोणीही त्या वाचू शकतो. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली. आज सांगलीच्या एखाद्या सहकारी बँकेच्या नावाने जगात कुठेही असे प्रमाणपत्र निघाले, तर ते बँकेला त्या वह्यांत शोधता येते. मूळ साक्षीदाराची साक्ष प्रथमच गावासमोर आली.

२२.
या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रमाणपत्र नावाची साक्ष देते, चारित्र्याची नव्हे. बँकेच्या नावात एखादे अक्षर फिरवून भामट्याने नवे नाव घेतले, तर त्या नावाचे खरे प्रमाणपत्र त्यालाही मिळते. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था ते विनामूल्य देते, आणि ते योग्यच आहे. बंद लखोटा हा प्रत्येकाचा हक्क. परंतु कुलपाची खूण म्हणजे सज्जनतेची हमी, असा समज इतका पसरला की क्रोमने २०२३ मध्ये ती खूणच काढून टाकली. पटवर्धनांचा शिक्का पत्र पटवर्धनांचे असल्याचे सांगे. पत्रातला शब्द पाळला जाईल की नाही, हे तो सांगत नसे.

२३.
हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. त्या ब्राउझरमध्ये भारतीय नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र अंतर्भूत असावे, ही तिची ठळक अट होती. यामागचा सल समजण्यासारखा आहे. कोणाचा शिक्का मानायचा हे परदेशातल्या चार कंपन्यांनी ठरवावे, ही स्थिती स्वाभिमानी राष्ट्राला बोचणारच. ई-आधारचा कागद संगणकावर उघडल्यावर नियंत्रकांच्या सहीपुढे पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि ‘विश्वास ठेवा’ असे आपल्यालाच हाताने सांगावे लागते, हा अनुभव अनेकांचा आहे.

२४.
परंतु शिक्का आपला आहे, एवढ्याने तो विश्वासार्ह होत नाही. साताऱ्याचा शिक्का आपलाच होता. तरी १७५२ नंतर त्याची परीक्षा करण्याची हिंमत कोणी केली नाही आणि तो पुण्याच्या सोयीचे साधन बनला. १८३९ मध्ये शिक्क्यांची परीक्षा परक्यांनी बंद दाराआड केली आणि एक राज्य गेले. दोन्ही प्रसंगी उणीव एकच होती : उघड तपासणीची. म्हणून भारतीय मूळ प्रमाणपत्राला मान हवा असेल, तर मागणी स्वदेशीच्या अभिमानापुरती न राहता पुढे गेली पाहिजे. प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर वहीत नोंदले जावे. तटस्थ लेखापरीक्षण प्रसिद्ध व्हावे. चूक झाली तर पूर्ण यादी स्वतःहून मांडली जावी. आणि आपलाच शिक्का रद्द करण्याची तयारी असावी.

२५.
हीच कसोटी त्या चार कंपन्यांनाही लागू आहे. आज यादी त्यांच्या हाती आहे, म्हणजे वस्त्रे कोणाला द्यायची हे ठरवणारे पुणे तेच आहेत. मोझिलाची चर्चा उघड चालते, कोणीही ती वाचू शकतो. इतरांनी याहून कमी उघडे राहावे, याला आधार नाही. प्रमाणपत्रांची मुदतही आता घटत चालली आहे. २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला. विश्वास एकदाच देऊन टाकण्याची वस्तू नाही, तो वरचेवर तपासायचा असतो, हे या निर्णयातून मान्य झाले आहे.

२६.
शेवटी पुन्हा मिरजेकडे. १८९७ पासून मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे ऐतिहासिक लेखसंग्रहातून छापून लोकांसमोर ठेवली. १८९८ मध्ये राजवाड्यांचा पहिला खंड वाईहून निघाला. तोवर इतिहास म्हणजे बखरकाराचा शब्द. तो मानावा किंवा न मानावा. कागद छापले गेल्यावर शिक्का, तारीख, अक्षर आणि मजकूर ताडून पाहणे कोणालाही शक्य झाले, आणि खुद्द राजवाड्यांच्या चुकाही इतरांना दाखवता आल्या. खरे-राजवाड्यांनी वाचकाकडे विश्वास मागितला नाही, तपासण्याचे साधन त्याच्या हाती दिले. तासगावच्या त्या बागायतदाराला जाहीर नोंदवही कदाचित कधीच उघडावी लागणार नाही. परंतु ती उघडी आहे आणि कोणीतरी ती वाचत आहे, यावरच त्याचा हप्ता सुखरूप पोचतो. शिक्क्यामागे महजर हवा, तो याचसाठी.

(धागा समाप्त. मतभेद असल्यास आधारासह अवश्य मांडावेत.)